टोकं भांडतात, मधली जागा मरते

रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याने १ मार्च १८८१ च्या सकाळी एका मसुद्याला मान्यता दिली. (रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालायची, आजच्या हिशेबाने ती तारीख १३ मार्च.) कायदे करताना लोकांनी निवडलेल्या काही प्रतिनिधींना सल्ल्यासाठी बोलवावं, एवढंच त्यात होतं. संसद नाही, राज्यघटना नाही. पण एकाच माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या त्या राजवटीत तेही पाऊल मोठं होतं. त्याच दुपारी सेंट पीटर्सबर्गमध्ये कालव्याच्या कडेने जाताना झारच्या गाडीवर बॉम्ब पडला. झार बचावला. काय झालंय ते बघायला तो गाडीतून खाली उतरला, तेवढ्यात दुसऱ्या एका तरुणाने दुसरा बॉम्ब त्याच्या पायाशी टाकला. संध्याकाळ व्हायच्या आत झार गेला. बॉम्ब टाकणाराही वाचला नाही.

ही कामगिरी 'नारोदनाया वोल्या' या गुप्त संघटनेची. झार मेला की जनता उठेल, असा त्यांचा होरा होता. जनता उठली नाही. मुलगा तिसरा अलेक्झांडर गादीवर आला, तो मसुदा बासनात गेला, अधिकाऱ्यांना आणीबाणीचे अधिकार देणारा कायदा आला आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. सहा वर्षांनी, नव्या झारला मारायच्या कटात अलेक्झांडर उल्यानोव्ह नावाचा एक विद्यार्थी फासावर गेला. त्याचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ पुढे लेनिन या नावाने जगाला माहीत झाला.

मारेकऱ्यांना त्या मसुद्याची कल्पना नव्हती. तो हाणून पाडण्यासाठी त्यांनी बॉम्ब टाकला असं म्हणता येणार नाही. पण याच झारने १८६१ मध्ये कोट्यवधी भूदासांना मोकळं केलं होतं, हे त्यांना नक्की ठाऊक होतं. अर्धीमुर्धी सुधारणा त्यांच्या लेखी सुधारणाच नव्हती. आणि झारच्या दरबारातल्या जुन्या मताच्या मंडळींनाही तो मसुदा डोळ्यांत सलतच होता. म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन टोकांना एक गोष्ट सारखीच नको होती: मधला रस्ता.

कट्टरता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन टोकांची मारामारी येते. माझ्या मते ते अर्धंच चित्र आहे. टोकाच्या माणसाला समोरचं टोक खरं तर सोयीचं असतं. त्याच्याकडे बोट दाखवून आपली माणसं एकत्र ठेवता येतात. अडचण होते ती मधे उभं राहून 'थांबा, बोलून बघू' म्हणणाऱ्याची. हे एकदा ध्यानात आलं की कट्टरतेची कारणं आणि परिणाम वेगवेगळे राहत नाहीत.

कट्टर कोणाला म्हणायचं?

श्रद्धाळू माणूस कट्टर असतोच असं नाही. पहाटे उठून प्रार्थना करणारा, उपास काटेकोर पाळणारा माणूस शेजाऱ्याच्या वेगळ्या देवाकडे निवांतपणे पाहू शकतो. टोकाची मागणी करणाराही कट्टर ठरत नाही. गुलामगिरी पूर्णपणे बंद करा, बायकांना मत द्या, या मागण्या एकेकाळी टोकाच्याच समजल्या जात. गुलामगिरीच्या प्रश्नात 'थोडी ठेवू, थोडी काढू' असा मध्य काढणं शहाणपणाचं नव्हतं. म्हणून मधली जागा म्हणजे दोन मतांची सरासरी असं मी इथे म्हणत नाही. मधली जागा म्हणजे मतभेद असूनही जिवंत, सुरक्षित आणि माणूस म्हणून मोजलं जाण्याची सोय. ती सोय जो नाकारतो, 'माझ्याशी असहमत तो एक तर मूर्ख, नाही तर विकला गेलेला, नाही तर मारण्याजोगा' असं जो मानू लागतो, तो कट्टर.

धार्मिक आणि राजकीय कट्टरता वेगळ्या खणांत ठेवायची सवय आपल्याला आहे. आतून पाहिलं तर दोन्हींची बांधणी विलक्षण सारखी निघते. एकीकडे देवाची आज्ञा, दुसरीकडे इतिहासाची किंवा राष्ट्राची हाक. एकीकडे परलोक, दुसरीकडे क्रांतीनंतरचं जग. पश्चिम जर्मनीतल्या 'रेड आर्मी फॅक्शन' या डाव्या अतिरेकी गटाच्या संस्थापकांपैकी गुडरून एन्सलिन ही एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाची मुलगी होती. देवाची जागा क्रांतीने घेतली, निष्ठेची तऱ्हा फारशी बदलली नाही. आणि धर्मग्रंथात अमुक ओळ आहे म्हणून हिंसा होते, हे स्पष्टीकरण मला नेहमी लंगडं वाटतं. तीच ओळ वाचणारे कोट्यवधी लोक सकाळी उठून कामाला जातात. ओळ आहेच, पण तिला वात लावायला कोण बसलंय, ते पाहावं लागतं.

गरिबी, अपमान आणि मित्र

सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे गरिबी आणि अज्ञान. पटकन पटतं, आणि बरंचसं चुकीचं आहे. अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर आणि यित्का मालेच्कोवा यांनी २००३ साली लेबनॉनमधल्या हिजबुल्लाच्या मारल्या गेलेल्या लढवय्यांची माहिती तिथल्या त्याच वयाच्या इतर लोकांशी ताडून पाहिली. लढवय्ये तुलनेने कमी गरीब आणि थोडे जास्त शिकलेले निघाले. जपानमधल्या 'ओम शिनरिक्यो' पंथाचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. २० मार्च १९९५ रोजी सकाळच्या गर्दीत टोकियोच्या भुयारी रेल्वेत पाच जण पाच गाड्यांत चढले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सारिन या विषारी द्रवाच्या पिशव्या, आणि छत्र्या, ज्यांची टोकं मुद्दाम धारदार केलेली. पिशव्या पायाशी टाकायच्या, छत्रीने भोसकायच्या आणि पुढच्या स्थानकावर उतरायचं. त्या पाचांपैकी एक हृदयशस्त्रक्रिया करणारा अनुभवी डॉक्टर होता. बाकीचे बहुतेक विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेले. ज्या हातांनी लोकांची हृदयं दुरुस्त केली त्याच हातांनी डब्यात विष सोडलं, आणि त्यात आपण लोकांचं भलंच करतोय अशी शिकवण त्याला मिळालेली होती.

मग गरिबीचा संबंधच नाही का? आहे, पण वळणावळणाने. माणसाला नुसती तंगी टोकाला नेत नाही. आपल्याला मुद्दाम खाली ठेवलंय, आपला अपमान झालाय, ही भावना नेते. जर्मनीत नाझी पक्षाला १९२८ च्या निवडणुकीत २.६ टक्के मतं होती. मग जागतिक मंदी आली, बेकारांचा आकडा साठ लाखांवर गेला, आणि पहिल्या महायुद्धातल्या पराभवाचा आणि व्हर्सायच्या तहाचा जुना सल होताच. १९३० मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. जुलै १९३२ च्याच निवडणुकीत कम्युनिस्टांना १४.३ टक्के मिळाले, ही मात्र सहसा कोणी सांगत नाही. रस्त्यावर एकमेकांची डोकी फोडणाऱ्या या दोन पक्षांची बेरीज निम्म्याहून जास्त भरते, आणि दोघांनाही ते प्रजासत्ताक मोडायचं होतं. कम्युनिस्ट तर मधल्या सोशल डेमोक्रॅट पक्षालाच 'सामाजिक फॅसिस्ट' म्हणत होते. पुढच्या वर्षी हिटलरने दोघांनाही छळछावण्यांत टाकलं, तोवर उशीर झाला होता.

अपमानाची भावना मात्र लाखोंना असते आणि बंदूक हातात घेणारे मूठभर असतात. हा मधला फरक कुठून येतो? माझ्या मते याचं उत्तर सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे: मित्रांमुळे. मानसोपचारतज्ज्ञ मार्क सेजमन यांनी जागतिक जिहादी जाळ्यातल्या १७२ जणांच्या आयुष्याचा तपशील गोळा केला. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश आधीपासूनच्या मैत्रीतून आत आले होते. म्हणजे आधी विचार पटला आणि मग संघटना शोधली, असं क्वचित. आधी दोस्त भेटले, त्यांच्यात ऊब मिळाली, आणि विचार मागाहून अंगात भिनला. मनोरुग्ण म्हणावेत असे लोक सेजमन यांना त्यांच्यात फारसे आढळले नाहीत. परक्या शहरात एकटा पडलेला, कशातच जम न बसलेला तरुण, आणि 'तू आमचा' म्हणणारी पाच-सहा जणांची टोळी. कारण इतकं किरकोळ असू शकतं, हे पचवायला जड जातं खरं.

टोळी जमली की दुसरी यंत्रणा सुरू होते. एकाच मताची माणसं बंद दाराआड चर्चा करत राहिली की चर्चेअंती मत मवाळ होत नाही, उलट पहिल्यापेक्षा टोकाला जातं. सर्ज मॉस्कोविसी आणि मारिसा झावालोनी यांनी १९६९ मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांवर हे तपासलं. अध्यक्ष द गॉल यांच्याबद्दल आधीच बरं मत असलेले विद्यार्थी आपसांत बोलल्यावर त्यांचे आणखी चाहते झाले. अमेरिकनांबद्दल आधीच नाराज असलेले आणखी नाराज झाले. कारण गटात प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त निष्ठावान दिसायचं असतं. पहिला म्हणतो, ते वाईट आहेत. दुसरा म्हणतो, ते धोकादायक आहेत. तिसऱ्याला मग आणखी वरची पट्टी लावावी लागते. शंका काढणारा गप्प बसतो किंवा बाहेर पडतो, आणि तो गेल्यावर उरलेल्यांची सरासरी आपोआप टोकाकडे सरकते. समाजमाध्यमांनी या बंद खोलीची दारं जगभर उघडली, एवढंच नवं. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांना मारणारा माणूस एकटा आला होता; पण फेसबुकवर तो सगळं थेट दाखवत होता. म्हणजे त्याच्या लेखी प्रेक्षक हजर होते.

काडी कोण लावतं

१९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं एकमेकांना अनोळखी, सगळी एकाच धर्माची, साधारण सारख्या घरांतली. दोन गट पाडले, 'ईगल्स' आणि 'रॅटलर्स'. मग बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, रात्री दुसऱ्यांच्या खोल्यांवर धाड घालणं इथपर्यंत मजल गेली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग हमखास असतो, आणि सार असं सांगतात की माणसं गटांत विभागली की भांडणारच.

पण आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, शेरीफ यांनी दुसरीकडे असाच प्रयोग केला होता आणि तो फसला होता. तिथे मुलांची गट पडण्याआधीच एकमेकांशी गट्टी जमली होती. मोठ्यांनी मुद्दाम कुरापती काढून पाहिल्या. मुलं भांडायच्या ऐवजी मोठ्यांवरच संशय घेऊ लागली. ही फसलेली आवृत्ती मला गाजलेल्या आवृत्तीपेक्षा जास्त मोलाची वाटते. भेद असले म्हणजे वैर होतंच असं नाही. आधीची ओळख असेल तर काडी लागत नाही, आणि काडी लावायला बहुतेक वेळा कोणी तरी वडीलधारं लागतं.

हे वडीलधारं कधी पुढारी असतं, कधी धर्मगुरू, कधी रेडिओ केंद्र. रवांडामध्ये १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत तुत्सी जमातीचे लाखो लोक मारले गेले. त्याआधी कित्येक महिने एक खासगी रेडिओ केंद्र त्यांना 'झुरळं' म्हणत होतं. पण पहिल्याच दिवशी कोणाला मारलं ते पाहा. ७ एप्रिलच्या सकाळी पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना यांची हत्या झाली. त्या स्वतः हुतू होत्या, म्हणजे मारणाऱ्यांच्याच जमातीच्या. पण समेटाच्या बाजूच्या. मधल्या जागेवरचे लोक आधी गेले, मगच कत्तलीला रस्ता मोकळा झाला.

यादी लांबवता येते. १९४८ मध्ये महात्मा गांधींना मारणारा हिंदूच होता. १९८१ मध्ये इस्रायलशी तह केलेले इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांच्यावर गोळ्या झाडणारे इजिप्तच्याच सैन्यातले मुस्लिम कट्टरपंथी होते. कोलंबोत १९९९ मध्ये राज्यघटनेच्या चौकटीत तमिळांना हक्क मिळावेत म्हणून झटणारे तमिळ वकील नीलन तिरुचेल्वम यांना तमिळ वाघांच्या आत्मघाती हल्लेखोराने मारलं. आपल्यातला मवाळ हा कट्टर माणसाच्या दृष्टीने शत्रूपेक्षा घातक, कारण तो लोकांना दुसरी वाट दाखवतो.

शत्रूकडून मिळणारी मदत

ब्राझीलमधला गनिमी नेता कार्लोस मारिगेला याने १९६९ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यातला हिशेब असा: हल्ले करत राहा, सरकार चिडेल, सरसकट धरपकड करेल, निरपराध लोक भरडले जातील, आणि मग तेच लोक तुमच्याकडे येतील. दहशतवादाचं मर्म यात उघड लिहिलेलं आहे. हल्ला करणाऱ्याकडे ताकद नसते. तो समोरच्याच्या ताकदीचा उपयोग करून घेतो. गांधीलमाशांच्या पोळ्याला दगड मारून पळून जावं आणि झाडाखाली बसलेल्यांना डंख बसावेत, तसा हा प्रकार.

उरुग्वेमध्ये तुपामारो नावाच्या शहरी गनिमांनी असंच केलं. हिशेबाचा पहिला अर्धा भाग बरोबर आला: सरकार चिडलं, सैन्य उतरलं. १९७२ पर्यंत सैन्याने तुपामारोंचं कंबरडं मोडलं. आणि मग सैन्य परत बराकीत गेलंच नाही. १९७३ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या त्या शांत, लोकशाही देशात लष्करी राजवट आली, ती १९८५ पर्यंत राहिली. (तुरुंगात तेरा-चौदा वर्षं काढलेला एक तुपामारो, होसे मुहिका, निवडून येऊन २०१० मध्ये देशाचा अध्यक्ष झाला. पण ते मतपेटीतून.)

इराकमध्ये एका सुन्नी जिहादी संघटनेचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी याने २००४ च्या एका पत्रात याच्याही पुढचा बेत मांडला होता: शियांवर हल्ले करायचे, ते सुन्नींवर सूड उगवतील, मग सुन्नी आपल्यामागे येतील. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा शहरातल्या शियांच्या पवित्र वास्तूचा सोनेरी घुमट उडवला गेला आणि बगदादमध्ये मोहल्लेच्या मोहल्ले रिकामे झाले. त्याच संघटनेतून पुढे निघालेल्या 'इस्लामिक स्टेट'ने २०१५ मध्ये आपल्या मासिकात तर छापूनच टाकलं की पश्चिमेतल्या मुस्लिमांसाठी असलेला 'करडा पट्टा', म्हणजे मधली जागा, नष्ट करायचा आहे. हल्ल्यांनंतर तिथल्या समाजाने त्यांना इतकं छळावं की त्यांना एकच बाजू उरावी. युरोपातल्या स्थलांतरितविरोधी कट्टरांचीही नेमकी हीच इच्छा होती. दोघांत पत्रव्यवहाराची गरज नव्हती.

सरकारं या सापळ्यात सहज पाय घालतात, कारण हल्ल्यानंतर 'काही तरी करा' असा लोकांचा रेटा असतो. उत्तर आयर्लंडमध्ये ९ ऑगस्ट १९७१ च्या पहाटे ब्रिटिश सैनिकांनी दारं फोडून ३४२ जणांना उचललं. खटला नाही, आरोपपत्र नाही. याद्या जुन्या होत्या. 'आयआरए' या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या, मुख्यतः कॅथलिकांच्या सशस्त्र संघटनेचे खरे लोक बरेचसे आधीच पसार झाले होते, आणि प्रॉटेस्टंट बाजूच्या सशस्त्र गटांतला एकही माणूस धरला नाही. कॅथलिक वस्त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. ३० जानेवारी १९७२ ला या धरपकडीच्याच निषेधात डेरी शहरात मोर्चा निघाला, त्यावर सैनिकांनी गोळीबार केला, १३ जण जागीच गेले. त्यानंतर तरुण आयआरएकडे रांगा लावून आले. १९७२ हे त्या संघर्षातलं सर्वात रक्तरंजित वर्ष ठरलं, त्यात ४८० च्या आसपास माणसं मेली. मारले गेलेले लोक निर्दोष होते हे ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत मान्य करून माफी मागितली ती २०१० साली.

म्हणून हल्लेखोरांना सोडून द्यावं, असं मुळीच नाही. पकडावं, खटला चालवावा, शिक्षा करावी. पण गुन्हेगार आणि त्याची जमात यांत फरक करणं हा भाबडेपणा नाही, ती सुरक्षेचीच बाब आहे.

कशाने मागे फिरतात

अतिरेकी गट संपतात कसे, यावर अमेरिकेतल्या रँड या संस्थेचा २००८ चा एक अभ्यास आहे. १९६८ ते २००६ या काळातले ६४८ गट त्यांनी पाहिले. जे संपले त्यांतले ४३ टक्के राजकारणाच्या वाटेने आत आले म्हणून संपले, ४० टक्के पोलिसांच्या आणि गुप्तचरांच्या कामामुळे. लष्करी बळाने संपले ते ७ टक्के. स्वतःचं ध्येय गाठून थांबलेले १० टक्के, म्हणजे अतिरेकी मार्गाने हवं ते मिळण्याची शक्यताही दहात एक.

एकेकट्या माणसाचं मागे फिरणं वेगळं. त्याच्याशी वाद घालून उपयोग सहसा होत नाही. प्रत्येक मुद्द्याला त्याच्याकडे पाठ केलेलं उत्तर असतं, आणि वाद हरला तर आपण छळले जातोय याचा त्याला आणखी एक पुरावा मिळतो. बाहेर पडलेल्यांकडून ऐकू येणारी कारणं अगदी ऐहिक असतात. पुढारी ढोंगी निघाला. आतली भांडणं नकोशी झाली. मूल झालं. वय झालं. अशा वेळी बाहेर कोणी उभं असेल तरच माणूस बाहेर पडतो, कारण आत गेल्यावर त्याने बाकीची सगळी नाती तोडलेली असतात.

जर्मनीत निओ-नाझींना बाहेर काढणाऱ्या 'एक्झिट-डॉइचलँड' या संस्थेने २०११ मध्ये गेरा गावातल्या त्यांच्याच संगीत महोत्सवात फुकट टी-शर्ट वाटले. वर कवटीचं चित्र आणि त्यांना आवडेल असा मजकूर. पोरांनी हौसेने नेले. घरी जाऊन धुतल्यावर वरचा रंग गेला आणि खालून अक्षरं आली: तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करू. टिंगल म्हणून सोडून देता येईल, पण कोणाचा तरी फोन नंबर त्या पोरांच्या कपाटात पोचला. डेन्मार्कमधल्या आरहुस शहरात पोलीस आणि पालिकेने सीरियाला जाऊ पाहणाऱ्यांना आणि तिथून परतलेल्यांना एकेक मार्गदर्शक दिला, शिक्षण आणि कामाची सोय लावली. ज्याच्याविरुद्ध गुन्ह्याचा पुरावा असेल त्याच्यावर खटला, बाकीच्यांना परतीची वाट. २०१३ मध्ये त्या शहरातून तीसएक जण सीरियाला गेले होते. पुढच्या वर्षी एखाद-दुसरा. हे हमखास औषध नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनमध्ये कैद्यांच्या पुनर्वसनावरच्या एका कार्यक्रमाला आलेल्या सुटलेल्या कैद्याने तिथेच चाकू काढला आणि त्याच कामात रमलेल्या दोन तरुण माणसांना मारलं. असे धोके पत्करूनच हे काम चालतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

मधली जागा परत बांधता येते का? उत्तर आयर्लंडमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेल्यावर एप्रिल १९९८ मध्ये करार झाला आणि मे महिन्यात तिथल्या ७१ टक्के मतदारांनी त्याला कौल दिला. १५ ऑगस्टला करार न मानणाऱ्या एका फुटीर गटाने ओमा गावाच्या बाजारपेठेत मोटारीत बॉम्ब ठेवला. २९ जण मेले. त्यांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते, लहान मुलं होती. याआधी अशा स्फोटानंतर बोलणी मोडायची. या वेळी आयआरएच्या राजकीय आघाडीने, म्हणजे शिन फेन पक्षानेही, स्फोटाचा निषेध केला. करार टिकला. त्या वर्षीचं नोबेल शांतता पारितोषिक दोन्ही बाजूंच्या मवाळ नेत्यांना, जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल यांना मिळालं.

आणि मग मतदारांनी काय केलं? २००३ च्या निवडणुकीत दोघांचेही पक्ष मागे पडले. पुढे गेले ते शिन फेन आणि इयन पेझली यांचा कडवा प्रॉटेस्टंट पक्ष. २००५ मध्ये ट्रिंबल यांना स्वतःची जागाही राखता आली नाही. २००७ मध्ये मात्र ज्यांनी जन्मभर एकमेकांना सैतान ठरवलं होतं ते पेझली आणि आयआरएचे माजी कमांडर मार्टिन मॅकगिनेस एकाच सरकारात शेजारी बसले. दोघं कॅमेऱ्यासमोर इतके हसायचे की वार्ताहरांनी त्यांची थट्टाच सुरू केली. पेझलींचे काही जुने पाठीराखे त्यांच्यावर त्या हसण्यासाठी चिडले होते.